खालची रेघ

१

जेवणं उरकली, की त्या कारखान्यात तासभर करवत बंद असायची. कारखाना म्हणजे तरी काय, एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत दोन लांब बाकं आणि यंत्रं, मधल्या खोलीत पॉलिश, आणि सगळ्यात मागे एक बिनखिडकीची, जवळजवळ रिकामी खोली. इथे फक्त खुर्च्या व्हायच्या. कुणी टेबल करून मागितलं, तर अप्पा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "टेबलाला पाठ नसते हो. बिनपाठीच्या वस्तूत आम्हाला गम्य नाही." माणूस हसत हसत खुर्ची सांगून जायचा.

मागच्या त्या खोलीला सगळे बसणीची खोली म्हणत. अप्पांचा नियम होता: नवी खुर्ची झाली, की ज्यानं ती केली त्यानं सात दुपारी तीत तासभर बसायचं. हातात काम घ्यायचं नाही, डुलकी काढायची नाही. नुसतं बसायचं, आणि खुर्ची कुठे टोचते, कुठे कुरकुरते ते ऐकायचं. ही झाली बसणी. सातव्या दिवशी अप्पा काठी टेकत यायचे आणि तापवलेला ठसा बैठकीच्या खालच्या अंगाला दाबायचे. तोवर दुसऱ्या कुणी त्या खुर्चीला बूड लावायचं नाही. "नवी खुर्ची एकाचीच सवय धरते," अप्पा म्हणायचे. त्यावर पॉलिशकाका मधल्या खोलीतून ओरडायचे, "एका खुर्चीत दोघं बसायची हौस लग्नानंतर वर्षभरच असते, अप्पा, पुढे आपोआप नियम पाळला जातो!"

डोलखुर्ची असली, तर आणखी एक रीत होती. खुर्ची भिंतीला बाजू लावून ठेवायची आणि पाठीच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलीनं दोन रेघा मारायच्या. रिकामी खुर्ची जिथे स्थिरावते, ती वरची रेघ. माणूस बसल्यावर पाठ मागे कलते, टोक खाली येतं, ती खालची. सात दिवस दोन्ही रेघा जागच्या जागी राहिल्या, तर खुर्ची पास.

अप्पांना दोन मुली. थोरली बावीस वर्षं याच बाकाशी उभी होती. धाकटी शिकायला म्हणून दूर गेली, तिकडेच कुठल्याशा कचेरीत नकाशे काढत राहिली, आणि सहा महिन्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन परत आली. अप्पांचं औषधपाणी, पथ्य, कारखान्याची कटकट, सगळं थोरलीनं काढलं. आणि धाकटी आली त्या दिवशी अप्पा दारापर्यंत काठीशिवाय चालत गेले.

गेली तीन वर्षं थोरली एकाच खुर्चीच्या मागे होती. घडीची खुर्ची, जिची डोलखुर्ची होईल. ऐकायला सोपं वाटतं. पण घडीच्या खुर्चीचा जीव तिच्या फुलीत असतो: पाय एकमेकांना छेद देतात, आणि डोलायला लागलं की तेच पाय मिटायला बघतात. थोरलीनं स्क्रू लावून पाहिले, कड्या लावून पाहिल्या. तिची खुर्ची डोलायची, नाही असं नाही, पण तिचं रूप बदलायला दोन माणसं आणि एक पाना लागायचा. अप्पांनी सांगून ठेवलं होतं, "ही खुर्ची जिला जमेल, तिच्या हातात मी ठसा देईन आणि सुटेन." ठसा म्हणजे कारखाना. थोरलीला वाटायचं, हे आपल्याचसाठी म्हटलंय. दुसरं होतंच कोण?

धाकटीनं ते एका आठवड्यात सोडवलं. बैठक जराशी उचलली, की पायांच्या आत लपलेल्या दोन कमानी आपल्या वजनानं खाली उतरायच्या आणि बसायच्या. बैठकीखाली दोन पितळी खुंट्या फुलीला धरून ठेवायच्या. बस्स. एका हाताचं काम. थोरली तीन वर्षं कुलपं जमवत होती, आणि हिनं दारच काढून टाकलं होतं.

अप्पांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बावीस वर्षांत तो हात थोरलीच्या डोक्यावर दोनदा पडला होता. त्यातही एकदा केसांत भुसा होता म्हणून.

"छान झालीय," थोरली म्हणाली. मग तिनं आपली तीन वर्षांची खुर्ची उचलून कोपऱ्यात सारली.

२

पहिल्या दिवशी धाकटी तासभर बसली. पॉलिशकाकांनी रेघा मारल्या. मग ती अप्पांना औषध द्यायला घरात गेली, काका विडी ओढायला बाहेर गेले, आणि थोरली मागच्या खोलीत शिरली. सांधे बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सांध्यांत खोट नव्हती. तिनं नख घालून पाहिलं, कान लावून पाहिला. खोट मिळाली असती तर तिला इतका आनंद झाला असता, की तिनं ती स्वतः दुरुस्त करून दिली असती. धाकटी तरी वाईट असावी! तेही नाही. काल रात्रीच तिनं थोरलीचे पाय चेपले होते आणि म्हणाली होती, "ताई, तुझ्या तीन वर्षांवर उभं राहूनच मला हे सुचलं गं." अशा बहिणीचा राग करायचा म्हणजे सुद्धा कष्ट पडतात.

थोरली बसली.

बावीस वर्षांत तिनं शेकड्यांनी खुर्च्या केल्या असतील. एकीनंही तिला विचारलं नव्हतं, बाई, दमलीस का? या खुर्चीनं विचारलं. पाठीला जिथे रोज कळ यायची, तिथेच नेमका तो आडवा दांडा येऊन टेकला. खुर्ची एकदा मागे गेली, एकदा पुढे आली. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ही माझी असायला हवी होती, तिला वाटलं. हिच्यात मीच बसायला हवं. दुसऱ्या कुणीही नाही, मीच.

बाहेर काकांच्या चपला वाजल्या. उठवत नव्हतं, तरी ती उठली. उठताना मांड्या क्षणभर शिसं भरल्यासारख्या जड झाल्या, मग एकदम हलक्या. तिनं ओढणीनं बैठक पुसली आणि दाराआडून पुढच्या खोलीत सटकली. कुणी पाहिलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तारा आणायला मागे गेली, तेव्हा खुर्ची खालच्या रेघेपाशी होती.

म्हणजे अगदी रेघेवर नव्हे, बोटभर वर. पण रिकामी खुर्ची वरच्या रेघेला हवी. थोरली उभी राहून बघत राहिली, आणि खोटं कशाला बोला, तिला आधी गुदगुल्या झाल्या. चुकली! कमान चुकली, तोल चुकला, लाकूड ओलं होतं, काहीतरी एक झालंच! तिनं पाणसळ आणून जमिनीवर ठेवली. जमीन सपाट. तिनं पाठीला हात लावून खुर्ची पुढे ढकलली. ती सावकाश पुढे आली, सावकाश मागे गेली, आणि परत तिथेच थांबली. रिकामी खुर्ची चार-पाच झोके घेते, डुगडुगते, मग थांबते. ही एकाच झोक्यात थांबली. पाय टेकवून माणसानं थांबवावी तशी.

'गोंद वाळतोय,' थोरलीनं स्वतःला समजावलं. 'गोंद वाळला की वजन सरकतं.' गोंदाला इतकं वजन नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

दुपारी धाकटी बसली, तेव्हा काकांनी भिंतीकडे बघून डोळे मिचकावले. "काय गं धाकटे, घरचं मानवलं वाटतं. कालच्यापेक्षा चार बोटं खाली गेलीस की!"

"तुमची पेन्सिलच जाडी झालीय, काका," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, "ताई, इथे ऊन येतं का गं कुठून? पाठ उबदार लागतेय."

"बिनखिडकीच्या खोलीत ऊन?" थोरली पुढच्या खोलीतून म्हणाली. ती बाकाशी उभी राहून रंधा मारत होती. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. मांडीवर मूल तासभर झोपलं, की येतात तशा.

तास संपला, धाकटी उठली, आणि मुंग्या गेल्या. थोरलीनं रंधा खाली ठेवला. बराच वेळ तिनं तो उचलला नाही.

४

तिसऱ्या दिवशी खुर्ची रिकामीच खालच्या रेघेला टेकली होती. चौथ्या दिवशी रेघेच्याही खाली. काका आणि धाकटी अजून जाड्या पेन्सिलीवरच हसत होते.

आता थोरलीला गुदगुल्या होत नव्हत्या. धाकटीला सांगावं, तर तुला कसं कळलं, तू कशाला बघायला गेलीस, हे आलंच. तिनं ठरवलं, की आपण खुर्ची एकदा मिटून उघडायची. मिटली की सांधे मोकळे होतात, तोल जागेवर येतो. साधी गोष्ट.

तिनं बैठकीच्या खालून खुंट्या सोडवल्या आणि बैठक वर ओढली. हलेना. तिनं दोन्ही हातांनी ओढली. पाय रोवून ओढली. खुर्ची जागची सरकली, पण मिटेना. घडीची खुर्ची मिटत नाही त्याची कारणं दोनच. एक तर सांधा अडकतो. थोरलीनं वाकून बघितलं, सांधा लोण्यासारखा फिरत होता. दुसरं कारण पोरांनासुद्धा माहीत असतं. खुर्चीत कुणी बसलेलं असलं, की ती मिटत नाही.

तिनं हात मागे घेतले. खोलीत लाकडाचा आणि पॉलिशचा वास होता, आणि मधल्या खोलीत काका कसलंसं गाणं गुणगुणत होते. तिनं खुंट्या परत बसवल्या. बसवताना तिनं बैठकीच्या वर बघायचं टाळलं.

त्याच दुपारी धाकटीनं अप्पांना घडी दाखवायला खुर्ची मिटली. थोरली तेव्हा पुढच्या बाकाशी होती. तिला आतून धाकटीचा आवाज आला, "आज जड जातेय हं जरा," आणि मग "हं!" करून लावलेला जोर. आणि थोरली कमरेत मोडली. मोडली म्हणजे अक्षरशः. छाती गुडघ्यांना जाऊन भिडली, श्वास अडकला, पाठीच्या कण्यातून कट् असा आवाज तिनं स्वतः ऐकला. दोन-तीन क्षण ती तशीच बाकाखाली घडी होऊन पडली. मग आत खुर्ची उघडल्याचा आवाज आला आणि तिला सरळ होता आलं.

"ताई! काय झालं?" धाकटी धावत आली.

"उसण भरली."

"तरी सांगत होते, वाकून काम करू नकोस. थांब, शेकायला पाणी आणते."

आणि तिनं आणलंही. गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून तासभर बसली. थोरली डोळे मिटून पडून राहिली. तिला त्या मायेचासुद्धा हेवा वाटला. आपल्याला असं कुणावर जीव लावायला कधी जमलं? जी गोष्ट बघावी ती हिला सहज जमते.

५

पाचव्या दिवशी तिनं वजन काढलं.

धाकटीनं आधी साध्या लाकडाचा एक कच्चा नमुना केला होता, त्याच मापाचा. तो मधल्या खोलीत पडून होता. थोरलीनं तो काका जेवायला गेल्यावर मागच्या खोलीत नेला, त्या खुर्चीशेजारी ठेवला, आणि त्यात वाळूच्या पिशव्या रचायला सुरुवात केली. खुर्च्या तपासायला पाच-पाच आणि एक-एक किलोच्या पिशव्या तिथे असायच्याच. ती एकेक पिशवी ठेवत गेली आणि नमुन्याची पाठ खाली खाली येत गेली. दोन्ही पाठी एका पातळीत आल्या, तेव्हा तिनं पिशव्या मोजल्या. चौसष्ट किलो.

थोरलीचं वजन चौसष्ट किलो होतं.

'असेल,' ती म्हणाली. 'चौसष्ट किलोच्या बायका पायलीच्या पन्नास मिळतील.' तिनं पिशव्या उतरवल्या, पुढच्या खोलीत आली, आणि कोपऱ्यात आपली स्वतःची खुर्ची होती, तीन वर्षांची, कड्या आणि स्क्रूंची, तिच्यात जाऊन बसली. कुठेतरी बसायला हवंच होतं.

काका जेवून आले आणि दारात थबकले.

"ताई, नीट बसा की."

"नीटच बसलेय."

"छे! हवेत बसल्यासारख्या दिसताय. खुर्ची वाकलीच नाही बघा." त्यांनी जवळ येऊन पाठीवर दोन बोटं ठेवली आणि खुर्ची त्या दोन बोटांनी झुलली, मागे-पुढे, मागे-पुढे, डुगडुगत, रिकाम्या पाळण्यासारखी. काकांचं हसू जरा मावळलं. "जेवत जा हो. रोडावलात फार."

ते गेल्यावर थोरली तशीच बसून राहिली. तिनं सगळा भार टाकून पाहिला. खुर्चीला पत्ता नव्हता. आणि पाठीला मात्र, जिथे रोज कळ येते तिथे, एक आडवा दांडा नेमका टेकलेला होता. तिच्या या खुर्चीला तसा दांडा नव्हता.

इथे एखादी शहाणी बाई काय करती? धाकटीला बोलावती, म्हणती, बाई गं, मी तुझ्या बसणीत बसले, चुकले, ही खुर्ची जाळून टाक. थोरलीच्या मनात ते आलं नाही असं नाही. पण त्यापाठोपाठ दुसरं आलं: म्हणजे अप्पांना कळणार. बावीस वर्षं पाळलेला नियम मी मोडला, आणि तोही जळून, हे अप्पांना कळणार. नको. खुर्चीच नापास झाली, तर सगळंच मिटेल. खुर्ची जाईल, ठसा राहील, आणि हे जे काही चाललंय ते थांबेल. मत्सराला बुद्धी फार असते, फक्त ती एकाच दिशेनं चालते.

६

सातव्या दिवशी दुपारचं जेवण होताच तिनं आत जाऊन बैठकीखालच्या दोन्ही पितळी खुंट्या काढल्या. चौथ्या दिवशी सोडवल्या होत्या त्या परत बसवायला. आज तिनं त्या ओढणीच्या टोकाला बांधल्या.

तिचा हिशेब साधा होता. धाकटी अप्पांसमोर शेवटची बसणी करायला बसेल, फुली उघडेल, आणि खुर्ची धाडकन जमिनीला टेकेल. हाड मोडणार नाही, नाक तेवढं कापलं जाईल. अप्पा ठसा न मारताच काठी टेकत परत जातील.

एकच गोष्ट तिला कळत नव्हती. खुर्ची रेघेच्या खाली कललेली होती, खुंट्या नव्हत्या, तरी ती पसरली नव्हती. 'रिकामी आहे, म्हणून उभी आहे,' तिनं मनात म्हटलं. आणि आपण दोन्ही गुडघे घट्ट आवळून उभ्या आहोत, हे तिला नंतर जाणवलं. सैल सोडावेसे वाटत होते, पण सुटत नव्हते.

अप्पा आले. आज त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. काकांनी शेगडीवर ठसा तापत ठेवला होता. धाकटी खुर्चीकडे निघाली, तशी अप्पांनी काठी आडवी धरली. भिंतीवरच्या रेघांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"थांब. सातवी बसणी माझी."

"अप्पा, तुमचा नियम!" धाकटी हसली.

"नियम माझा, मोडणार मी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुडाखाली ठसे मारले, आता या एका खुर्चीत मला बसू दे. पुढे रोज दुपारी मी इथेच बसणार आहे. इथून मला तुझं काम ऐकू येईल."

"नको!" थोरली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. अप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर, एका खुब्यात लोखंडी सळई. ते पडले, तर परत उठणार नव्हते. आता एक वाक्य बोलायचं होतं: अप्पा, बसू नका, खुंट्या माझ्याकडे आहेत. एवढंच.

"का गं?" अप्पा म्हणाले, आणि सहज, थट्टेत, "हेवा वाटतो की काय?"

थोरलीचं तोंड उघडं होतं ते मिटलं.

"नाही," ती म्हणाली. "मला कशाला हेवा वाटेल?"

अप्पा बसले.

७

खुर्ची पडली नाही.

सांधा एकदा करकरला आणि थांबला. अप्पांनी पाठ टेकली, हात बाजूच्या दांड्यांवर ठेवले, आणि तोंडानं "हाऽऽ" केलं. दाराशी थोरली दात ओठांवर रोवून उभी होती. तिच्या दोन्ही मांड्यांवर एक म्हातारा माणूस बसला होता. तिला त्याच्या बसकणीची हाडं टोचत होती, सळईच्या बाजूचं जरा उंच. तिला त्याचा चेहरा समोरून दिसत होता, दहा पावलांवर, समाधानानं सैलावलेला. आणि त्याच्या मानेचा साबणाचा वास तिला मागून येत होता, मानेला नाक लावावं इतक्या जवळून.

"उबदार आहे गं," अप्पा म्हणाले. "आईच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं." मग त्यांनी मान वळवली. "थोरले, बघून घे. याला म्हणतात हात. धाकटीच्या हाताला तोड नाही. ठसा आजपासून तिचा. तू तिच्या हाताखाली राहा, शिकशील."

"हो, अप्पा."

"ताई, किती घामेजलीस!" धाकटी कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "बरं नाही का?"

थोरलीनं डावा पाय उचलला, एकच पाऊल तिच्याकडे टाकायला. खुर्चीची डावी बाजू बोटभर खचली. अप्पा झोपेत दचकल्यासारखे दचकले. थोरलीनं पाय होता तिथे टेकवला. खुर्ची वर आली.

"बरी आहे," ती म्हणाली.

अप्पांचे डोळे मिटत होते. धाकटीनं तोंडावर बोट ठेवलं, काकांना खूण केली. "झोपू द्या त्यांना. ठसा मागाहून मारू. चल ताई, चहा टाकते."

"तुम्ही व्हा पुढे."

ते गेले. मधल्या खोलीतून कपबशांचा आवाज येऊ लागला, धाकटीचं हलकं हसणं, काकांचं काहीतरी. थोरली दाराशी उभीच होती. मांड्या थरथरायला लागल्या होत्या. ओढणीच्या टोकात दोन खुंट्या होत्या, आणि खुर्ची दहा पावलांवर होती, आणि त्या दहा पावलांतलं एकही तिला टाकता येत नव्हतं. हाक मारता आली असती. धाकटी एका उडीत आली असती, तिनं अप्पांना उचललं असतं, आणि मग म्हणाली असती, खुंट्या कुठे गेल्या? थोरलीनं हाक मारली नाही. रोज दुपारी, अप्पा म्हणाले होते. रोज.

अप्पांचा हात दांड्यावरून जरा घसरला. खाली दांड्याचं लाकूड दिसायला हवं होतं. थोरलीला तिथे चार बोटं दिसली, दांडा घट्ट धरलेली, जोरानं पेरं पांढरी पडलेली. स्वतःची बोटं माणसाला ओळखू येतात. तिनं लगेच नजर वळवली.

अप्पांचं डोकं मागे कललं. तिच्या खांद्याला त्याचं वजन लागलं. इतकं जवळ त्यांनी तिला कधीच घेतलं नव्हतं.

"धाकटे," अप्पा झोपेत पुटपुटले. "आहेस ना गं?"

थोरलीनं ओठ हलवले. दाराशी आवाज उमटला नाही. तो उमटला अप्पांच्या कानामागून, अगदी हळू, त्यांची झोप मोडू नये इतका.

"आहे, अप्पा."